लाँग रायफल

बाबांसमोर कुणी 'बंदुकीची गोळी' म्हटलं की ते लगेच अडवत. "गोळी डोकेदुखीची. याला काडतूस म्हणतात." पाहुण्यांनाही ते सोडत नसत. महूला पलटणीच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, त्यांनी उभी हयात काढलेली. निवृत्तीनंतर आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहायला आलो आणि ते शहराबाहेरच्या एका खासगी शूटिंग रेंजवर काडतुसं देण्याचं काम बघू लागले. घरी बसले असते तर आईचं डोकं खाल्लं असतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, पोलोग्राउंडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. रविवारी त्यांच्यासोबत पिस्तूल शिकायला जायचे. त्याआधी जेवणाच्या टेबलावर शिकवणी झाली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी चित्रं काढली. पिस्तुलाचं काडतूस बुटकं, सरळ, बोथट नाकाचं. फौजी रायफलचं लांब, पुढे निमुळतं होत गेलेलं, टोकदार. शेजारी एक इवलंसं काढलं, पॉइंट टू-टू, मी शिकणार होते त्या पिस्तुलातलं. मी म्हटलं, "पुढचं टोक तर या रायफलचं पण एवढंच बारीक दिसतं." ते खूश झाले.

"तोंडावर जाऊ नकोस, पोट बघ. दारू पोटात असते."

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते, तिच्यावर ठोका पडतो. या छोट्याला टोपीच नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा बसेलच असं नाही. म्हणून ते कधी नुसतं खट् करून गप्प बसतं आणि क्वचित कधी उशिरा उडतं. "खट् झालं तर नळी समोर. तीस आकडे मोजायचे. मगच माझ्याकडे बघायचं," बाबा म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मला हसू येत होतं. दिवाळीत टिकली फुसकी निघते त्याचं एवढं काय, असं मनात होतं.

पाचव्या की सहाव्या रविवारी खट् झालं. बाबा माझ्या डावीकडे, दोन पावलं मागे उभे होते. रेंजवर तेव्हा आम्ही दोघंच. मी चार आकडेही मोजले नसतील. हातात पिस्तूल तसंच धरून वळले आणि म्हणाले, "बाबा, फुस्स!" पिस्तूल माझ्याबरोबर वळलं आणि उडालं.

छातीत एवढंसं भोक होतं. रक्तही फार आलं नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, "नळी." दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पोलिसांना मी सांगितलं की काडतूस उडालं नाही म्हणून बाबा बघायला पुढे आले आणि तेवढ्यात ते उडालं. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. हवालदाराने विचारलं, "वो सामने कैसे आए?" आणि तोंडातून हे निघालं. आपण किती भित्र्या आहोत हे मला त्या दिवशी कळलं. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. बाबांची पिशवी तेवढी घरी परत आली.

आईने त्यांचा फोटो समोरच्या खोलीत लावला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवला. दुःख करायची तिची तऱ्हा असेल, असं मी अकरा वर्षं समजत होते. खरं तर मला ते सोयीचंही होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पुण्यतिथीला मी म्हटलं, "आज तरी फोटो बाहेर काढ." आई चिडून उठली आणि बाबांच्या पिशवीतली पुठ्ठ्याची रिकामी डबी माझ्यापुढे आपटली. डबीवर इंग्रजीत छापलं होतं, 'लाँग रायफल'.

"वाच. रायफल लिखा है ना? एवढे साल कोत सांभाळली, और आखिर में काय केलं? रायफलची गोळी पोरीच्या पिस्तुलात घालून दिली! उलटी उडणार नाही तर काय? स्वतः गेले, तुझ्या हातून गेले. मी कशाला लावू फोटो?"

अकरा वर्षं ती त्या माणसाला काडतूस न ओळखणारा अडाणी समजत होती. ज्याने पाहुण्यांचे शब्द दुरुस्त केले, त्याला! आणि मला तिने माफ केलेलं होतं, तेही या दोन शब्दांच्या भरवशावर. मी गप्प बसले असते तर जन्मभर तशीच माफ राहिले असते. मला गप्प बसावंसं वाटलं. अगदी खरं सांगते, फार वाटलं.

"आई, ते नुसतं नाव आहे," मी म्हटलं. "हेच काडतूस रायफलमध्ये चालतं आणि पिस्तुलातही हेच घालतात. बाबांनी बरोबर दिलं होतं."

"मग चूक कुणाची?"

"नळी मी वळवली. त्यांनी नको सांगितलं होतं. ते पुढे आलेच नव्हते, जागचे हललेही नव्हते."

आई पलंगावर बसली. डबी बाजूला ठेवली. मग उठली, साड्यांखालून फोटो काढला, पदराने पुसला आणि समोरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला.

"चुकलं हो माझं," ती फोटोला म्हणाली. "ग्यारा साल तुम्हाला बोल लावला."

मी दारात उभी होते. आता माझ्या वाटणीचं काहीतरी येईल, शिव्या, थप्पड, रडणं, काहीही, म्हणून थांबले होते. ती माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेली आणि फोटोसमोर ठेवायला पाण्याचा पेला घेऊन आली.

मला तिने काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.