तीन उशा

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. खडी क्रशरवर त्यांची उमर गेली आणि दगडाची धूळ फुप्फुसात बसली. शेवटची दोन वर्षं ते पलंगावर तीन उशांना टेकून, बसूनच झोपत. आडवं झालं की गुदमरायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंतराळावरच्या पाठाची तयारी करताना एकदा त्यांनी विचारलं, "तिथं माणसं झोपत्यात कशी?"

"भिंतीला बांधलेल्या पिशवीत. वर-खाली काही नसतं. उभं काय, आडवं काय, सारखंच."

"आन् छातीव वजन?"

"वजनच नाही. इथं रक्त फुप्फुसात खालच्या बाजूला जास्त जातं, तिथं सगळीकडं सारखं पसरतं."

"मंग मला धाडा की तिकडं."

"तिथं धूळ खाली बसत नाही, मामा. तरंगत राहते आणि श्वासाबरोबर खोल आत जाते."

"म्हंजी तिथंबी क्रशरच," ते म्हणाले आणि हसता हसता खोकत सुटले.

दिवाळीनंतर त्यांना घरघर लागली. बोरीहून त्यांची बहीण आली, मोठे दीर आले. दीर म्हणाले, "आबांना खाली घ्या."

मी म्हणाले, "आडवं केलं तर गुदमरतील. डॉक्टरांनी बसवूनच ठेवायला सांगितलंय."

"पलंगाव जीव गेला तर गती न्हाई मिळत," आत्याबाई म्हणाल्या. "तुझी शाळा शाळंत ठिव."

माझा नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. मामा शुद्धीवर होते. त्यांनी नको म्हणून मान हलवली, माझं मनगट धरलं. दिरांनी पाय उचलले होते. ओढाओढीत डोकं आपटलं असतं, म्हणून उशा मीच काढल्या.

सारवलेल्या जागेवर घोंगडी अंथरली होती. मामांनी दोनदा कोपरावर उठायचा प्रयत्न केला. दिरांनी खांदा दाबला. "शांत पडा, आबा." आत्याबाईंनी तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं. माझं मनगट मामांनी सोडलं नव्हतं. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांना आत्याबाई सांगत होत्या, "पाठ भुईला लागली आन् दादा लई सुखानं गेला. इचारा हिला, हीच व्हती हाताशी."

बायांनी माझ्याकडं पाहिलं. मनगटावर नखांचे चार व्रण होते. मी बांगड्या त्यांच्यावर ओढल्या आणि म्हणाले, "हो. लगेच गेले."