भाजल्यावर काय लावावं

काचेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. एक दिवस कारखान्यात यंत्रं आली आणि भट्टीवाल्याला निरोप मिळाला. निरोपाला साहेबांनी त्याच्या हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. ज्याच्यापाशी आता वेळच वेळ उरणार, त्याला घड्याळ! ही अक्कल साहेब लोकांनाच सुचते.

बायको त्याआधीच गेलेली. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. दोन खोल्या, एक खिडकी आणि मुलीनं घेऊन दिलेला फोन. भट्टीवाला त्या फोनवर वाचायला लागला. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नये. विजेचा धक्का बसलेल्याला उघड्या हातानं ओढू नये. समुद्रातल्या ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. वाचलं की मुलीला पाठवायचा. मुलगी म्हणाली, बाबा, दिवसाला दहा नका पाठवू, एकच पाठवा. तो एकच पाठवू लागला. त्या एकालाही उत्तर येईना. पुढे कधीतरी तिच्या घरी गेला, तेव्हा तिच्या फोनवर स्वतःच्या नावापुढे आवाज बंद केल्याची खूण त्याला दिसली. चहा प्याला, चांगला झालाय म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीची गाडी धरून परत आला.

इमारतीत जिन्याखाली एक फळा धूळ खात पडला होता. वरच्या मजल्यावरची शिकवणी बंद पडली, बाकं गेली, फळा राहिला. भट्टीवाल्यानं तो पुसला, इमारतीच्या दारापाशी टांगला आणि रोज सकाळी त्यावर एक गोष्ट लिहायला सुरुवात केली.

त्याचा एक नियम होता. उगाच कुणाचं ऐकून लिहायचं नाही. आधी स्वतःवर करून बघायचं, मग खडू उचलायचा. डाव्या कुशीवर झोपल्यानं जळजळ कमी होते असं वाचलं, तर आठवडाभर डाव्या कुशीवर झोपला. श्वास रोखला की उचकी थांबते हे तपासायला अठरा दिवस उचकीची वाट बघत बसला. जे करून बघता येत नाही, ऑक्टोपसच्या हृदयासारखं, ते कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि वर शब्द ‘ऐकीव’. इतका प्रामाणिकपणा छापील कागदातही सापडत नाही, फळ्यावर तर विचारूच नका.

पण वाचणार कोण? लोक जिन्यावरून धाडधाड उतरायचे, फळ्याला पाठ दाखवून निघून जायचे. सेक्रेटरी म्हणायचा, काका, त्यापेक्षा पाणी किती वाजता येणार ते लिहा. फळ्याला खरा वाचक एकच होता, आणि त्या वाचकाला वाचता येत नव्हतं.

ती फाटकापाशी टेबल मांडून बसणारी इस्त्रीवाली. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण हिशोबात आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. रोज सकाळी इस्त्री तापत ठेवली की हाक मारायची.

“दादा, आज काय म्हणतो फळा?”

मग भट्टीवाला वाचून दाखवायचा. ऑक्टोपसला आठ हात असतात म्हटल्यावर ती म्हणाली, मग त्याला इस्त्रीला ठेवा की. आणि तीन हृदयं म्हटल्यावर हातातली इस्त्री तशीच धरून म्हणाली, “तीन? इथं एक सांभाळता नाकी नऊ येतात.” भट्टीवाला त्यावर दिवसभर हसला. पाच मिनिटांचं ते बोलणं. उरलेल्या दिवसात त्याच्या तोंडून शब्द निघायचा तो टीव्हीला शिव्या देताना.

अशातच त्यानं वाचलं की भाजल्यावर टूथपेस्ट लावली तर आग थांबते आणि फोड येत नाही. नियम तो नियम. गॅसवर रिकामं पातेलं तापवलं, त्याला तळहात टेकवला, तीन आकडे मोजले, वर पेस्ट फासली. गार वाटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर फोड नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारून, ‘स्वतः करून पाहिले.’ गोष्ट कामाची वाटली म्हणून त्यानं ती पुसलीच नाही. मुलीलाही पाठवली.

दहाव्या दिवशी इस्त्रीवालीच्या डाव्या मनगटावर इस्त्रीची कड बसली. पाण्याची बादली पायाशीच होती. पण बाईला फळा आठवला. दुकानातून टूथपेस्ट आणवली, जाड थर दिला, वर फडकं गुंडाळलं आणि हातातला कपड्यांचा ढीग संपवूनच उठली. चौथ्या दिवशी टेबल लागलं नाही. वॉचमननं भट्टीवाल्याला सांगितलं की तिचा हात सुजून टम्म झालाय. वाळलेली पेस्ट काढताना दवाखान्यात ती ओरडली, ते रस्त्यापर्यंत ऐकू आलं म्हणे.

भट्टीवाला तडक दवाखान्यात गेला. तिथली नर्स कडक होती. तिनं ऐकवलं, भाजलं की वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बाकी पेस्ट नाही, तूप नाही, बर्फ नाही. आणि हे टूथपेस्टचं शहाणपण शिकवणारा कोण, तो मला एकदा भेटू दे.

“मीच,” भट्टीवाला म्हणाला. “पण मी करून बघितलं होतं. हे बघा.”

त्यानं तळहात पुढे केला. नर्सनं तो उलटसुलट बघितला. खिशातलं पेन काढून टोक तळव्यात रुतवलं.

“कळतंय?”

“काय?”

नर्सनं पेन परत खिशात ठेवलं. “काका, सव्वीस वर्षं भाजलेला हात हा. याची साक्ष कशी धरायची?”

परत येताना वाटेतच त्याला मुलगी आठवली. तिच्या घरात स्वयंपाक, कढया, उकळतं तेल. त्यानं तिथंच थांबून फोन लावला. ती घाईत होती. ते टूथपेस्टचं मी पाठवलं होतं ना, ते करू नकोस, चूक आहे, तो धापा टाकत म्हणाला.

“कुठलं टूथपेस्टचं? बाबा, मी ते वाचलंच नाही.”

“बरं झालं,” तो म्हणाला. खरंच बरं झालं होतं. फोन ठेवल्यावर तो रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसला, आणि बराच वेळ त्याला उठावंसं वाटलं नाही.

फळ्यापाशी सेक्रेटरी भेटला. त्यानं शहाणा सल्ला दिला की पुसून टाका, संपला विषय, तसंही कुणी वाचत नाही. ते खरंच होतं. फडकं फिरवलं असतं तर इमारतीत कुणाला पत्ता लागला नसता. भट्टीवाल्यानं फडकं फिरवलं आणि लिहिलं. भाजल्यावर टूथपेस्ट लावा असं इथं तेरा दिवस लिहिलं होतं. ते चूक आहे. वीस मिनिटं वाहतं पाणी. माझा हात बधिर आहे, हे मला माहीत नव्हतं. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि खोलीचा नंबर.

दोन आठवड्यांनी टेबल पुन्हा लागलं. फळ्यावरचा मजकूर अजून तोच होता. हाताला पट्टी, काम एका हातानं. भट्टीवाला फळ्यापाशी उभा राहिला. इस्त्री तापली. हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच टेबलापाशी गेला आणि आज फळा काय म्हणतो ते सांगू का, असं विचारलं. तिनं मान वर केली नाही, पण नकोही म्हणाली नाही. त्यानं न बघता, पाठ असल्यासारखं सगळं सांगितलं.

“नाव घातलंय?” तिनं विचारलं.

“घातलंय.”

“कुणाचं?”

“माझं.”

“बरं केलंत. माझं घातलं असतं, तर लोक म्हणाले असते, अडाणी बाई, कुणाचंही ऐकते.” तिनं एक सदरा उलटा केला. “फोनवर लिहिलंय म्हणून मी नव्हतं लावलं, दादा. तुम्ही करून बघितलंत म्हणालात, म्हणून लावलं.”

तिनं ढिगातून एक मोठी चादर ओढली, इस्त्री फिरवली आणि एका हातानं घडी घालायला गेली. चादर घसरली. पुन्हा घातली, पुन्हा घसरली.

“ते टोक धरा,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

त्यानं धरलं. चादरीतून वाफ निघत होती.

“पोळतंय का?”

नाही म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. तो थांबला.

“मला कळत नाही,” तो म्हणाला.

“मग जरा वेळ थांबू,” ती म्हणाली. दोन टोकांना दोघं चादर ताणून उभे राहिले, तिचा हात सांगेल तोपर्यंत.