जांबोटीच्या झोपडीचं कुलूप

आदगोंडा गेल्याची बातमी त्याच्या पुतण्यानं, बाबूनं, मला चिकोडीच्या मोटार-स्टँडवर सांगितली. भोवतीची माणसं इंग्रज कधी जाणार याच्या गप्पा मारत होती. "आण्णा गेले, काका," तो म्हणाला आणि मोटार सुटता सुटता त्यानं विचारलं, "ते झोपडीचं दार त्यांनी रागानंच फोडलं होतं व्हय?" मी म्हणालो, आठवत नाही… तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

प्लेगात बेळगाव ओस पडायचं, लोक माळावर झोपड्या घालून राहायचे. साथ ओसरल्यावर आमच्या झोपडीचे पत्रे, बांबू पडून होते. सदलग्याचा आदगोंडा तेव्हा आमच्या घरी राहून हायस्कुलात शिकत होता. "डोंगरावर न्हेऊ या रं. फिरणाऱ्याला आसरा हुईल," तो म्हणाला. बैलगाडीनं जांबोटीपर्यंत आणि पुढं डोक्यावरून आम्ही ते सगळं वर नेलं. आमची भटकी मित्रमंडळी तिथं उतरू लागली. दाराला कुलूप लावायचं नाही, हा आदगोंडाचा हट्ट. तो जैन, दिवस मावळल्यावर जेवायचा नाही, म्हणून चढताना सगळ्यांना पळवायचा. "तुझ्या पोटापायी आमचं पाय मोडणार बघ," असं आम्ही त्याला चिडवायचो.

एका पावसाळ्यात झोपडीतली भांडी चोरीला गेली. मी कुणाला न विचारता कुलूप आणलं. त्या दिवशी आदगोंडा वर येणार होता. मावळतीपर्यंत वाट पाहिली. आता तो चढायचा नाही, उपाशी झोपायला कोण येतं, असं धरून मी कुलूप घातलं आणि मागच्या वाटेनं वाडीत उतरलो.

तो पुढच्या वाटेनं येत होता… तापानं फणफणलेल्या एका वाटसरूला पाठीवर घेऊन, भिजत. त्यानं दगडानं दार फोडलं, जाळ केला, त्या माणसाला जगवलं. स्वतः उपाशी राहिला आणि उजाडताच त्याला खाली जांबोटीला घेऊन गेला.

सकाळी वर आधी मी पोचलो. मोडक्या कडीतलं कुलूप काढून खिशात टाकलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. भीती, दुसरं काय!

दुपारी मंडळी झोपडीशी जमली तेव्हा परत वर आलेला आदगोंडा म्हणाला, "कुलूप हुतं." सगळे हसले. "आपल्या झोपडीला कुलूप? सपान पडलं काय रं? रागानंच फोडलंस म्हण की!" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तो पुन्हा कधी वर आला नाही. 'दारफोड्या' हे नाव मात्र सदलग्यापर्यंत पोचलं, त्याच्या मागोमाग घरच्यांनाही चिकटलं.

परवा सदलग्याला गेलो. आदगोंडाच्या घराच्या दारापाशी सुतार बसला होता. बाबू म्हणाला, "आण्णांनी जल्मभर दाराला आतनं कडी बसवू दिली न्हाय. कोण अवचित आलं तर, म्हणायचे. आता बसवू का नको, कळंना."

मी तिथंच, सुतारासमोर, सगळं सांगितलं.

"आण्णांना ठाऊक हुतं, काका?"

"होय."

तो आत गेला. आतूनच म्हणाला, "ठोक रं कडी."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो.