ऐकू येणारी बासरी

फिन्टन गिल्हूलीचा धंदाच असा होता की त्याचं नाव निघालं की बायका पदराआड हसाव्यात तशा आयर्लंडातल्या लीट्रिमच्या बायका चहाच्या कपाआड हसायच्या. तो गायी भरवायचा. म्हणजे वळू न नेता, त्याच्या गोठवलेल्या वीर्याचं थंडगार नळकांडं घेऊन गोठ्यागोठ्यात फिरायचा, खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा आणि काम उरकून पुढच्या गोठ्यात. 'अख्ख्या तालुक्यात वासरं ह्याची, आणि एकाचंही नाक ह्याच्यावर गेलं नाही,' हा विनोद त्याने इतक्यांदा ऐकला होता की सांगणारा अडखळला तर तोच पुढचा शब्द पुरवायचा.

माणूस मुखदुर्बळ. गायीला बोलणं लागत नाही, त्यामुळे धंद्यात अडलं नाही. पण माणसांत बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, तशी त्याची गत. फिन्टन तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. घरी बायको अट्रॅक्टा. बाई सोन्यासारखी, पण तिच्या बोलण्यात सुई शिरवायला जागा नाही. आणि दर गुरुवारी संध्याकाळी, कन्सेप्टाच्या पबमधल्या वाजवणाऱ्यांच्या बैठकीत, शेजारी इग्गी मुल्वी.

आता इग्गीबद्दल वाईट बोलायचं तर आधी माझीच जीभ झडेल. कुणाच्या घरी मयत झालं, कुणाचं वासरू अडलं, तर पहिला दारात हा. पण गळ्यात पेटी, म्हणजे अकॉर्डियन, अडकवली की त्याच्या अंगात यायचं. भाता फुटेस्तोवर ताणायचा, पाय असा आपटायचा की शेल्फावरचे ग्लास एकमेकांशी बोलायला लागत. फिन्टनची जागा कोळशाची बादली आणि इग्गीचं कोपर ह्यांच्या मधोमध. वर्षानुवर्षं तिथे बसून तो बासरी वाजवत आला आणि ती एका माणसाने ऐकली असेल तर शपथ. त्याची त्यालासुद्धा ऐकू यायची नाही.

"पबमधल्या त्या बाकावर बसून मी म्हातारी झाले," अट्रॅक्टा म्हणायची, "पण तू वाजवतोयस की नाही हे मला फक्त तुझ्या गालांवरून कळतं!"

हसून सोडून देता आलं असतं, पण एक गोष्ट फिन्टनला आतून कुरतडत होती. त्याच्याकडे आईची एक धून होती. आई दूध काढताना ती तोंडाने गुणगुणायची. तिला नाव नव्हतं. आई आपली 'वाकडी' म्हणायची, कारण दुसऱ्या भागात मध्येच दोन मात्रा जास्त. ठेका धरणाऱ्याचा पाय हवेतच लटकायचा. आई गेली, आणि वाकडी आता ह्या एका माणसाकडे उरली होती. तो बैठकीत ती सुरू करायचा, इग्गी दुसऱ्या ओळीला 'आलं लक्षात!' म्हणून झडप घालायचा आणि जादाच्या दोन मात्रा कापून तिला सरळसोट करून टाकायचा. बिचारा फिन्टन मागून फरफटत जायचा. आपण गेलो की वाकडी आपल्याबरोबर मातीत जाणार, ह्या विचाराने त्याला कधीकधी गोठ्यात, गायीच्या पाठीवर हात ठेवलेला असताना, रडू यायचं. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी ती आहे तशी ऐकावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

अशात एका कालवडीने त्याच्या जुन्या बासरीवर पाय दिला. आजोबांची बासरी, आधीच तडकलेली, मेणाने आणि दोऱ्याने बांधून जगवलेली. कालवडीने ती एका झटक्यात मोकळी केली.

"सुटलास!" अट्रॅक्टाने तुकडे बघून छातीवर क्रुसाची खूण केली. "आता नवी घ्यायची. आणि आवाजाची घ्यायची. मी येते बरोबर. तुला एकट्याला पाठवलं तर दुकानदाराचं कुत्रं घेऊन येशील."

बासऱ्या करणारा कोलमन डोंगरापलीकडे, स्लायगोच्या समुद्रकाठी राहायचा. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात त्याचं लाकूड कातायचं लेथ. हात देवाचा, पण बोलणं असं सावकाश की वाक्याच्या सुरुवातीला चहा ओतावा आणि क्रियापदापर्यंत तो निवावा. त्याने टेबलावर कांबळं पसरलं आणि एकेक बासरी मांडली. काळ्या शिसवाच्या, एक पिवळ्या लाकडाची, कुणाला बोटांनी दाबायच्या चांदीच्या चाव्या, कुणाला नुसती सहा भोकं.

"कशी... हवी?" त्याने विचारलं.

अट्रॅक्टाने तोंड उघडलं, पण आश्चर्य म्हणजे फिन्टन आधी बोलला. "ऐकू येणारी."

कोलमनने मान हलवली. एक जाडजूड काळी हातात दिली. भोकं मोठी, आवाज बैलाच्या हंबरण्यासारखा, पण फिन्टनची बोटं आखूड. खालच्या भोकापर्यंत पोचताना त्याचं तोंड मरणकळा लागल्यासारखं वाकडं झालं. पिवळी गोड होती, पण लाजाळू. "तुझीच बहीण," अट्रॅक्टा म्हणाली. तिसरीवर फुंक बसेना, नुसती हवा.

"गाजराची... पुंगी नव्हे ही," कोलमन म्हणाला. "वाजली तर वाजली, नाहीतर... मोडून खाल्ली... असं नाही. सावकाश."

अट्रॅक्टाला सावकाश ह्या शब्दाचा मनापासून राग. "असं निवडत बसलो तर पुढचा ईस्टर इथेच! मी बाहेर गाडीत जाऊन बसते. काचा वर करते. जी तिथपर्यंत ऐकू येईल ती घ्यायची. विषय संपला."

आणि ती खरंच गाडीत जाऊन बसली. फिन्टनने पुन्हा एकेक वाजवून पाहिली. बाहेरून काही नाही. मग कोपऱ्यात मागे ठेवलेली एक, जरा आखूडशी, त्याने उचलली. बोटं आपोआप भोकांवर बसली, जणू त्याच्याच हाताचं माप घेऊन केलेली. फुंकर घातली मात्र, असा सूर निघाला, लखलखीत, काठोकाठ, की खुराड्याच्या पत्र्यावरचा कावळा उडाला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तीच!" अट्रॅक्टा धावत आत आली. "तीच घे!"

"ती..." कोलमन म्हणाला, "ती बाकीच्यांपेक्षा..."

"बाकीच्यांपेक्षा चांगली आहे, दिसतंय ना!"

"तसं नाही बाई, तिची पट्टी..."

"पट्टी-बिट्टी काय असेल ती आम्ही बसवून घेऊ. बांधा!"

कोलमनने फिन्टनकडे पाहिलं. फिन्टन बासरीकडे बघत होता, नवरदेवाने बघावं तसा. कोलमनने उसासा टाकला आणि बांधून दिली. एवढं मात्र त्याने सांगून पुरं केलं: नवं लाकूड आहे, रोज दहा मिनिटांच्या वर फुंकायचं नाही, बदामाचं तेल पाजायचं, आणि महिना-दीड महिना बैठकीत न्यायची नाही, नाहीतर तडकेल.

फिन्टनने ते वेदवाक्य मानलं. रोज गोठ्यात दहा मिनिटं, एकटा. गायी रवंथ थांबवून ऐकायच्या. आणि एकट्याने वाजवताना पट्टीचं कुणाला कळतं? जिथून सुरू करावं तोच षड्ज.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. आमच्याकडची सगळी वाद्यं पांढरी दोनला लावलेली, पिढ्यान् पिढ्या. आणि फिन्टनने आणलेली बासरी होती काळी दोनची. अर्धा सूर वर. म्हणून ती आखूड, म्हणून ती लखलखीत.

दीड महिना उलटल्यावरच्या गुरुवारी तो पबमध्ये आला तो कोट घालून. बैठकीने रीतीप्रमाणे एक धून संपवली. फिन्टनने बासरी ओठाला लावली आणि वाकडी सुरू केली. दुसऱ्या ओळीला इग्गी 'आलं लक्षात!' म्हणून पेटीवर तुटून पडला, आणि असा काही आवाज झाला की दोन मांजरं एका पोत्यात घालून पोतं आपटावं. इग्गीने हात असा मागे घेतला, जणू पेटीने चावा घेतला.

फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी डिम्फना, निवृत्त मास्तरीणबाई, तिने चष्म्यावरून पाहिलं. "फिन्टन, बाळा, तू कुठल्या देशात वाजवतोयस?"

पण फिन्टनचे डोळे मिटलेले होते आणि पबमध्ये पहिल्यांदाच ऐकू येणाऱ्या स्वतःच्या सुरापुढे दुसरं काही त्याच्या कानांवर पडत नव्हतं. तो वाजवत राहिला. कुणाला साथ करता येईना. एकेक वाद्य मांडीवर उतरलं. आणि अख्ख्या पबमध्ये ती एकच बासरी उरली.

वाकडी आपल्या वाटेने गेली. दुसऱ्या भागात त्या दोन जादाच्या मात्रा आल्या, ठेका धरणाऱ्यांचे पाय हवेत लटकले, आणि कुणीतरी 'अहाहा' केलं. बारपाशी गायींच्या भावावरून चाललेलं भांडण थांबलं. अट्रॅक्टाचं एक वाक्य अर्ध्यावर होतं. ते तिने तिथेच सोडलं. हे लग्नानंतर पहिल्यांदाच. संपलं आणि असा गलका झाला, "शाब्बास रे फिन्टन! जियो!" की तो घाबरून कोळशाच्या बादलीला धडकला. घरी जाताना गाडीत अट्रॅक्टा एक अक्षर बोलली नाही. त्याला वाटलं, ही आजारी आहे.

इथे गोष्ट संपली असती तर मीही तुम्हाला पेढे वाटले असते. पण पुढचा गुरुवार आला. फिन्टनने आपली एक धून वाजवली, टाळ्या झाल्या, आणि मग? मग बाकीचे पांढरी दोनवर उतरले आणि फिन्टन हात मांडीवर ठेवून बसला. बैठक संपेपर्यंत. पंगतीत बसवावं, पहिला घास भरवावा आणि मग ताटच उचलून न्यावं, तशी त्याची अवस्था. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

"डिम्फना, तारा अर्धा सूर चढवून बघशील का?" त्याने घसा साफ करून विचारलं.

"चढवते की! पण तुटल्या तर नव्या तुझी गाय देणार का?"

फिन्टनला कळून चुकलं. ऐकू न येता का होईना, त्या गोंगाटात तो सगळ्यांबरोबर होता. इग्गीचं कोपर बरगडीत बसत होतं, पण कोपर तरी होतं. आणि आता इग्गीही यायचा बंद झाला. एक गुरुवार नाही, दुसरा नाही. "रागावलाय," लोक म्हणाले. "नाकाला मिरच्या झोंबल्या." पेटीशिवाय बैठक अशी झाली की विस्तवाला पण झोप यावी.

तेवढ्यात कोलमनचा फोन आला. सुदैवाने अट्रॅक्टा बाहेर कोंबड्यांत होती, म्हणून कोलमनला तेव्हाचं अडलेलं वाक्य पुरं करता आलं. पट्टी चुकली हे त्याला तेव्हाच माहीत होतं; पांढरी दोनची एक, आखूड बोटांसाठी, मुद्दाम करून ठेवली आहे; आणून बदलून घे.

"बदलू नकोस!" अट्रॅक्टा म्हणाली. "अरे, लोकांनी तुला ऐकलं!"

"ऐकलं गं," फिन्टन म्हणाला. "पण माझ्याशी कुणी बोलेना."

तिने कोलमनचा नंबर फिरवला आणि फोन त्याच्या हातात दिला.

शुक्रवारी कोलमनकडे जायचं ठरलं. गुरुवारी तो शेवटची म्हणून बासरी घेऊन बैठकीला गेला. एक धून झाली असेल, तोच दार उघडलं आणि इग्गी मुल्वी आत आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, गळ्यात पेटी. तो येऊन नेहमीच्या जागी बसला. फिन्टन बादलीकडे सरकला.

"इग्गी, लेका, मी उद्या बदलूनच..."

"तोंड मिट," इग्गी गुरगुरला. "काळी दोन म्हणजे ह्या पेटीवर बोटांची फाशी आहे. रात्रंदिवस घोकतोय म्हणून बायकोने मला गोठ्यात काढलंय. सुरू कर ती तुझी वाकडी, विसरायच्या आत."

फिन्टनने सुरू केली. आणि इग्गी मुल्वी, तालुक्यात ज्याच्या पेटीची दहशत, तो शिकाऊ पोरासारखा जीभ बाहेर काढून एकेक बटण शोधायला लागला. घाम कपाळावरून पेटीवर ठिबकत होता. दर चौथा सूर चुकत होता. चुकायच्या भीतीने तो भाता इतका हळू ओढत होता की आवाज जेमतेम बाहेर पडत होता. पण दुसऱ्या भागात, त्या दोन मात्रांपाशी, तो थांबला. कापलं नाही. मनात मोजल्या, ओठ हलले, आणि मग पुढे गेला. फिन्टनने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःची लय हळू केली, इग्गीला गाठता यावं म्हणून. डिम्फनाने फिडलच्या खुंट्या पिळायला घेतल्या. एक तार तुटली. तिने उरलेल्या तीन चढवल्या.

धून दुसऱ्यांदा फिरून सुरुवातीला आली तेव्हा फिन्टन गिल्हूलीने ओठांवरची बासरी जराशी बाजूला केली आणि इग्गीला कोपर मारलं.

"जोरात वाजव की रे," तो म्हणाला. "ऐकूच येत नाहीये."