सारामावशीचं तिसरं कडवं

त्या नाताळाला थंडी अशी पडली होती, की पाटाच्या पाण्यावर वाफ तरंगत होती. त्याच दिवशी आमचं गाणं अडलं. पण आमच्या भजनी मंडळाचे किस्से झऱ्याच्या विहिरीसारखे. एक उपसला की दुसरा भरतोच. तेव्हा आधीचे दोन-तीन ऐका. मला अक्षर येत नाही. मी सांगतोय, सून लिहितेय.

*

दुष्काळात खर्डा गाव सोडून आम्ही सात ख्रिस्ती घरं कोल्हारला पाटाच्या कामावर आलो. फादर महिन्यातून एकदा सायकलवर येत. बाकीचे रविवार आमचे आम्हीच चालवायचे, म्हणून मंडळ काढलं. पहिल्याच मिटिंगला सहा घरांत सहा पदं वाटली. प्रेसिडेंट, सेक्रेटरी, सगळं! मी उरलो. चौथी पास याकोबमामा सेक्रेटरी. म्हणाला, "मंडळाला एक तरी सभासद नको व्हय? तू सभासद!" आणि माझ्या हातात टाळ दिले.

*

लढाईचे दिवस, राकेल मिळेना. ठराव झाला: भजन दिवस बुडायच्या आत. घड्याळ कुणाकडंच नाही. मी विचारलं, "ढग असलं तर?"

मामानं लिहिलं, "ढग असल्यास, सेक्रेटरीला भूक लागली की दिवस बुडाला असे समजावे!"

*

खर्ड्याची जुनी गाणी सगळी आमच्यातल्या थोरल्या सारामावशीच्या तोंडात. कागदावर एकही नाही. एकदा फादरनी छापील पुस्तकं वाटली. मावशी पानं उलटत, मान डोलवत आपलं खर्ड्याचंच गात राहिली.

फादर हळूच म्हणाले, "साराबाई, पुस्तक उलटं धरलंय."

"असू द्या फादर, गानं सुलटं हाय न्हवं?"

*

भजनाच्या जागेला काट्यांचं कूप होतं, त्यापलीकडं गणपतअण्णा राहायचे. आमच्या धर्माचे नव्हेत, शेतकरी, तापट. एका रविवारी भजन चालू असताना ओरडले, "तुमचा देव बहिरा हाय का रं?"

मावशी म्हणाली, "देवाला ऐकू येतंय, अण्णा. तुमाला यावं म्हनून वरच्या पट्टीत हाय!"

*

त्या थंडीच्या नाताळाआधी, पावसाळ्यात मावशी गेली. नाताळाला तिचंच गाणं धरलं. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला गाणं अडलं. कुणाला शब्द आठवेना. मामा वही उघडून बसला, पण लिहिणार काय? खर्ड्याहून आणलेली भांडी फुटली, बैल मेले. राहिली होती ती गाणी, तीही डोळ्यांदेखत चालली. टाळ माझ्या मांडीवर गार पडले.

तेवढ्यात कुपापलीकडून घोगरा आवाज आला. गणपतअण्णा! तिसरं कडवं म्हणाले. खोकले, पुन्हा धरलं, चौथंही म्हणाले. मामा भराभर लिहीत होता.

मी कुपापाशी गेलो. "अण्णा, तुमाला पाठ हाय व्हय?"

अण्णांनी घोंगडी सावरली. "लिवून झालं? मंग आता समद्यांनी म्हना. वरच्या पट्टीत! म्हातारीला ऐकू गेलं पायजे."