मावशी, हलू नका

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई समोर आलेल्या माणसाला आधी मोजायच्या. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा खालीवर सरकवायचा. मी शाळेत शिपाई म्हणून लागले त्या दिवशी त्यांनी माझंही माप घेतलं.

"मावशी, तुम्ही साडेसहा डोक्यांएवढ्या उंच आहात."

"मला एकच डोकं आहे, आणि तेही सकाळपासून दुखतंय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. दमलेल्या होत्या. कायमच दमलेल्या असायच्या. बदलापूरहून अंबरनाथला यायच्या आणि पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या तुकड्या एकट्या बघायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. खुर्चीत बसली की खुर्चीसारखीच दिसतात, कोणाचं लक्ष जात नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. मला चित्रातलं काय कळणार? मला वाटायचं, सगळे विषय झाल्यावर वेळ उरला तर चित्रकला. शाळेलाही तसंच वाटायचं. दहावीची परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात उभे.

"बाई, तुमचा तास देता का? पोर्शन राहिलाय."

"घ्या."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या मॅडम. त्यांनाही "घ्या."

मी एकदा म्हटलं, "बाई, उद्या तुमची खुर्ची मागतील."

"मोडकी आहे. नाही मागणार."

एका वर्षी दहावीत एक मुलगी होती. बाप उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर, आई घरी बसून पँटींचे दोरे कापायची. मुलीला दहावीनंतर कलेच्या कॉलेजात जायचं होतं. बाप म्हणाला होता, तुझं चित्र बघून त्यांनी घेतलं तर जा, नाही तर माझ्या शेजारच्या मशीनवर बस. फॉर्मसोबत समोरच्या वस्तू बघून काढलेलं एक चित्र द्यायचं होतं, आणि फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत होती.

शुक्रवारी बाईंनी टेबलावर एक जुनी चादर टाकली, वर किटली, दोन पेरू आणि माझी बादली. चादरीला त्या अर्धा तास चुण्या पाडत बसल्या. एक चुणी पाडायची, लांब जाऊन बघायची, परत यायची. त्या मुलीसोबत आणखी पाच मुलं टेबलाच्या चारी बाजूंना बसली. शाळा सुटेपर्यंत रेघा झाल्या. सावल्या शनिवारी भरायच्या होत्या.

संध्याकाळी मी वर्ग झाडायला गेले. चादर मळकी, चुरगळलेली. मी ती धुतली, पंख्याखाली वाळवली आणि सकाळी कडक घडी करून टेबलावर ठेवली. एक पेरू मऊ पडला होता, तो फेकला. मला वाटलं, बाई खूश होतील.

मुलगी आली आणि घडी बघून रडायलाच लागली. "मला बघितल्याशिवाय सावली जमत नाही, बाई."

"घाण होती ती चादर," मी म्हटलं.

"होती," बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच परत चुण्या पाडा."

"मी?"

"मुलांच्या कागदांवर सगळ्या आहेत. बघा आणि पाडा. आधी डोळे, मग हात."

मी कधी कोणाचं चित्र इतका वेळ बघितलं नव्हतं. सहा कागद, सहा बाजू. मी चादर ओढली की सहाही जणांचा गलका.

"मावशी, थोडी वर ना!"

"अरे, माझ्याकडून ती दिसतच नाहीये."

"मावशी, किटलीच्या खाली एक होती, बारीक."

मी वैतागले. "नेमकं कोणाचं बरोबर आहे?"

"सगळ्यांचं. फिरून बघा," बाई म्हणाल्या.

फिरून फिरून कंबर धरली, पण जमलं. किटली-बादली जागेवर गेली, फेकलेल्या पेरूच्या जागी बाईंनी डब्यातला ठेवला. फक्त कडेची एक मोठी चुणी राहीना. धुऊन चादर मऊ पडली होती, सोडली की चुणी सरकायची.

"टेबलाखाली बसा आणि ती धरून ठेवा," बाई म्हणाल्या. "मावशी, हलू नका."

मी बसले. तेवढ्यात गणिताचे सर आले. "बाई, तास देता?"

आम्ही सगळे "घ्या" ऐकायची वाट बघत होतो.

"आज नाही."

"अहो, बोर्डाची परीक्षा आहे."

"माहीत आहे. आज नाही."

मग मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आले. घंटा झालीच नव्हती, कारण घंटा मी द्यायची आणि मी चुणी धरून बसलेली. "मावशी, घंटा कोण देणार?"

"तुम्ही द्या, सर," बाई म्हणाल्या. "मावशी कामात आहेत."

मोठ्या सरांनी घंटा दिली. किती टोल द्यायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पाचवीची पोरं दप्तरं घेऊन घरी निघाली.

त्या मुलीचं चित्र झालं. चुणीच्या वर माझी दोन बोटं पण आली होती. मी म्हटलं, "पुसून टाक ती." बाई म्हणाल्या, "दिसतायत, तर राहू दे."

मुलीला कॉलेजात घेतलं. बाप सुट्टी टाकून सांगायला आला. बाईंनी त्यालाही पेन्सिलीने मोजलं. "सात," म्हणाल्या. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच गणिताचे सर परत आले होते, तेव्हा बाई "घ्या" म्हणाल्या. पुढेही म्हणतच राहिल्या. निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. त्या वर्गात आता मोडके बाक ठेवतात.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मी पालेगावच्या माझ्या घरून बदलापूरला गेले. घरच्या बायकांनी बाईंच्या अंगावरचं पांढरं कापड ताणून ताणून सरळ केलं होतं. मला ते बघवेना. खांद्यापाशी हात घातला आणि एक चुणी पाडली. शेजारी बसलेल्या एकीने ती लगेच सरळ केली. मी परत पाडली, आणि उचलायला माणसं आली तोवर धरून बसले.