गोणपाटाचा आडोसा

सत्ता देवाकडून येते, असं आमचे फादर वेदीवरून सांगत आणि मी ते मनापासून मानत असे. वाणगावच्या पूर्वेकडच्या त्या गावात मात्र ती शेठच्या ओट्यावरून येत असे.

सदुसष्ट सालची निवडणूक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्या गावच्या मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली होती. आदल्या दिवशी दुपारी बैलगाडीनं पोचलो. गावात खाणावळ नव्हती. आलेल्या सरकारी माणसांनी शेठकडे जेवायचं, ही रीत. दोन कारकून, हवालदार आणि माझ्या हाताखालचा शिपाई ओट्यावर पाटांवर बसले. मीही पायरीवर पाय ठेवला.

"मास्तर, तू तिथं," शेठ म्हणाला.

गोठ्याशेजारी अंगणात सागाचं पान मांडलेलं होतं.

आम्ही मूळचे वारली. आजोबांनी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. मी म्हणालो, "शेठ, आम्ही ख्रिस्ती."

"बाप्तिस्म्यानं नाव बदलतं. पंगत नाय बदलत."

ओट्यावर हशा झाला. शिपायानंही हसून घेतलं. वर बसलेल्याला हसावंच लागतं. केंद्राध्यक्ष खाली, शिपाई वर. मी जेवलो. वालाचं बिरडं चांगलं झालं होतं, हे सांगायची आजही लाज वाटते. जेवण झाल्यावर पान उचललं आणि बसलो होतो ती जागा शेणानं सारवली. माझ्याच हातांनी. वाकलो तेव्हा खिशातला नेमणुकीचा हुकूम छातीला टोचत होता.

सकाळी शाळेच्या खोलीत मतदान सुरू झालं. कोपऱ्यात बांबूला गोणपाट बांधून आडोसा केला होता. मागे टेबल, शिक्का, शाईची गादी. मतदारानं एकट्यानं आत जायचं. शेठ आला आणि गोणपाट वर सारून त्यानं आपली खुर्ची थेट त्यामागे नेऊन ठेवली.

"अडाणी लोक हायत. दाखवायला कोणी पायजे ना?"

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाईच्या बाटलीकडे पाहिलं. तासभर पाहत राहिलो. तो तास माझ्या नावावर आहे.

मग पाड्यावरची एक म्हातारी आली. मतपत्रिका घेऊन आत गेली. शिक्क्याला तिनं हातच लावला नाही. अंगठा शाईत बुडवला आणि कागद शेठपुढे धरला.

"कठं देऊ, शेट?"

जन्मभर तिला कागद म्हणजे अंगठा आणि कागदाचा धनी म्हणजे शेठ, एवढंच ठाऊक. तो सांगायच्या आतच अंगठा उमटला. शेठ कडाडला, "आंगठा नाय गं, शिक्का! अक्कल हाय का? मास्तर, कागद बाद झाला. दुसरा आण. मीच मारतो."

मी उठलो. काय आठवलं ते सांगतो. मिशनच्या चर्चमध्येही आमचं बाक शेवटचं. पण पापनिवेदनाला, फादरच्या कानात पापं कबूल करायला, गुडघे टेकले, पडदा ओढला, की पुढच्या बाकावरचा कितीही मोठा माणूस कान लावू शकत नसे. मला देवाच्या त्या घरात खरी बरोबरी मिळाली ती तेवढ्याच हातभर जागेत.

"शेठ, बाहेर."

"काय म्हणालास?"

"बाहेर. शंभर वारांपलीकडे."

"काल माझं अन्न खाल्लंस."

"खाल्लं. जागा सारवली. फिटलं."

हवालदार खिडकीबाहेर बघत होता. मी मतदान थांबवलं, डायरी उघडली, वेळ घातली. माझं लिहिणं सुरू झालेलं दिसलं तसा हवालदार उठला आणि त्यानं शेठची खुर्ची उचलली. शेठ तिच्यामागून गेला.

गोणपाट पुन्हा खाली सोडलं. म्हातारीला नवी मतपत्रिका दिली. शिक्का कसा धरायचा ते रिकाम्या कागदावर दाखवलं. "आजी, कुठं मारलास ते मला सांगू नको. कोणालाच सांगू नको."

"शेटला पन नाय?"

"शेठला तर नाहीच."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर येईना.

"मास्तर, निजली काय?" कारकून म्हणाला.

आली. कागदाची इतकी बारीक घडी केली होती की पेटीत टाकताना तिला दोनदा विचारावं लागलं, आहे ना हातात?

आठवड्यानं फादरनी बोलावलं. मिशनच्या शाळेची जमीन शेठनं दिलेली. "आपण मूठभर माणसं. सत्तेला मान द्यावा. माफीचं पत्र लिही."

"फादर, पापनिवेदनाच्या खिडकीशी शेठला खुर्ची द्याल?"

"ते वेगळं."

"कसं?"

फादर चष्मा पुसू लागले. मी निघालो तेव्हाही पुसतच होते.

माफी मी लिहिली नाही. अहवाल लिहिला. शेठनं काय केलं ते लिहिलं, आणि मी तासभर काय होऊ दिलं तेही. खाली सही केली. बदली झाली, डोंगरातल्या शाळेत, बिऱ्हाडासकट. देवानं माणसाला मन दिलं तेव्हा त्यावर राखणदार नेमला नाही. मग शेठनं किंवा फादरनं तिथं डोकवायचं कारण नाही, सरकारनंही नाही. ज्या खोलीत असा पडदा कोणी उचलेल तिथं मी त्याच क्षणी उठेन. पुन्हा तास लावणार नाही. जेवायला बोलावलं तर भाकरी घरून नेईन.

त्या निवडणुकीत मी स्वतः मत दिलं नाही. नेमणुकीवरच्या माणसाचं मत टपालानं घेतात. माझी मतपत्रिका निकाल लागल्यावर नवव्या दिवशी पोचली.